बारा हजारांचा पाय

माझं अक्षर किरटं आहे. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे चौथीपर्यंत मला कळलं नाही आणि चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. वहीच्या पहिल्या पानांवर 'पायरी एक, पायरी दोन' असं त्रेचाळीसपर्यंत लिहिलेलं आहे. तेही माझंच अक्षर. त्या पायऱ्या कशाच्या, ते मी कुणालाच नीट सांगू शकले नाही, म्हणून उरलेल्या पानांवर लिहिते आहे.

डिचोलीत ज्यांच्या घरी मी सहा वर्षं रांधप आणि झाडलोट केली, त्यांना सगळे पात्रांव म्हणत. पात्रांव म्हणजे मालक. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचे तीन टिपर होते, आणि माझा नवरा त्यातल्या दुसऱ्या टिपरवर ड्रायव्हर होता. खाणी बंद पडल्या. ड्रायव्हर पांगले, क्लीनर गावाला गेले, टिपर दारात उभे राहून गंजले आणि एकेक करून भंगारात गेले. हाक तेवढी मागे राहिली. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेरसुद्धा "पात्रांव, उंडे कितके?" असं ओरडायचा. पात्रांवांची बायको वारलेली, मूल नाही, त्यामुळे उंडे, म्हणजे गोल पाव, दोनच.

टिपर उभे असत त्या जागेवर तेल सांडून सांडून जमीन काळी झाली होती. तिथे गवत उगवत नसे. रोज सकाळी पात्रांव त्या मोकळ्या जागेला फेरी मारत आणि जिथे चाकं असायची तिथे हवेतच हलकी लाथ मारत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला झाडू तसाच राहिला. मी काही विचारणारी नव्हे, पण ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "टायरात हवा आसा काय बघतंय." मग हसले नाहीत, म्हणून मलाही हसता आलं नाही.

तिसरा टिपर गेला त्याचे पैसे आले आणि महिन्याभरात घरात एक मोठा खोका आला. मला वाटलं मिक्सर. पात्रांवांनी तो सुरीने उघडला, आत थर्माकोल, त्यात प्लास्टिक, आणि त्यात एक पिवळा-काळा टिपर. माझ्या हातभर लांब. त्याचा हौदा वर उचलला जाई, दारं उघडत, आरसे फिरत. आणि तो नुसता टिपर नव्हता. त्याचे भाग फिरवून, दुमडून, ओढून त्याचा उभा रोबो होई. दीड हात उंच, छाती पुढे काढलेला. म्हापशाला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने परदेशातून मागवून दिला होता. किंमत साठ हजार.

माझ्या नवऱ्याला मी ते सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"लोखंडाचो विकून प्लास्टिकचो हाडलो? बरां झालां. मायनिंग सुरू झालां म्हणजे. टेबलार!"

आता तो पाण्याच्या टँकरवर असतो. टिपरचं नाव निघालं की असा वाकडा बोलतो.

खेळण्याचं चांगलं ते आधी सांगते. गुडघ्यांत लोखंड होतं. पाय वाकवला की टक्, टक्, टक् असा आवाज करत वाके आणि जिथे ठेवाल तिथे राही. वजन चांगलं तीन-साडेतीन किलो. नीट उभा केला तर दार आपटलं तरी पडत नसे. चाकं सहाच्या सहा गुळगुळीत फिरत. चेहरा लहान होता, पण त्याला उगाच हसवलेलं नव्हतं. दमलेला माणूस काम संपल्यावर बघतो तसा तो बघे.

आणि त्रास म्हणाल तर ढीगभर. पुस्तिकेत मुंगीएवढी चित्रं आणि कुठल्या तरी परक्या लिपीतली अक्षरं. बॉनेटचे दोन अर्धे भाग कधी पुरते जुळत नसत, मध्ये फट राहीच. पाठीचा एक लहानसा खिळा बसला नाही तर रोबो तोंडावर पडे. टिपर केला की रोबोचे हात खाली लपवायचे असत, ते पुरते लपत नसत. बोटं दिसत, जसा काही क्लीनर गाडीखाली झोपून काम करतो आहे. पात्रांवांना ती फट खुपायची, पण ते हात कधी खुपले नाहीत. "रवंदे त्येका," म्हणायचे. "काम करता तो."

त्यांचा एक नियम होता. एकदा सुरुवात केली की मध्ये उठायचं नाही. फोन वाजो, दारात कोणी येवो.

"मधेच सोडू नको. मधेच सोडलंस तर गाडयय नाय नि माणूसय नाय."

मी तेव्हा दारातून बघायची. टेबलाजवळ जायची नाही. धूळ पुसायची ती सगळ्या घराची, त्याला सोडून.

मग तो दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला गाड्या धुतात, झेंडूची माळ घालतात, कुंकू लावतात आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. खाणींच्या काळात पात्रांवांच्या दारात तीन टिपर ओळीने उभे राहत आणि ड्रायव्हरांच्या बायकांना साडी मिळे. मलाही एकदा मिळाली होती. टिपर गेल्यापासून त्या घरात दसरा म्हणजे उंबऱ्यावर एक फूल, तेवढंच. त्या दिवशी पात्रांव दवाखान्यात गेले होते आणि मी एकटी होते. टेबलावर तो टिपर दिसला. मला बोलून कुणाला बरं वाटवता येत नाही, जीभ उचलत नाही. काही करायचं ते हाताने करते. मनात आलं, घरात गाडी आहे आणि दसऱ्याला ती पारोशी राहिली तर बरं नव्हे.

मी तो नळावर नेऊन साबणाने धुतला. चाकांना खोबरेल लावलं. परसातल्या झेंडूची बारीक माळ केली, बॉनेटवर कुंकू लावलं. झाडावरची सगळ्यात लहान लिंबं शोधून आणली आणि पुढच्या दोन चाकांखाली ठेवली. मग टिपर पुढे ढकलला. तो लिंबांवर चढला आणि घसरून खाली आला. पुन्हा ढकलला, पुन्हा तसंच. लिंबू फुटल्याशिवाय गाडी पुढे नेत नाहीत, हे नवऱ्याकडून ऐकलेलं. मी तळहात वर ठेवून सगळं वजन टाकलं.

कड् असा आवाज झाला. लिंबू तसंच होतं. टिपरच्या पुढच्या बाजूने एक पाय लोंबत बाहेर आला आणि मांडीच्या सांध्याचा तुकडा माझ्या पायाशी पडला.

पात्रांव येईपर्यंत मी तो तुकडा मुठीत धरून उभी होते. ते आले. माळ बघितली, कुंकू बघितलं, लोंबणारा पाय बघितला.

"लिंबू फुटलां?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे पूजा अर्धी रवली." त्यांनी लिंबू उचललं, अंगणातल्या त्या काळ्या जागेवर ठेवलं आणि टाचेने फोडलं. दुसरंही तसंच फोडलं. मग आत जाऊन चहा मागितला.

चहा देताना मी म्हटलं की मी पैसे भरून देईन. माझ्या तोंडून एवढं एक वाक्य यायला चहा निवला. ते नको म्हणतील असं मला वाटलं होतं, खोटं कशाला लिहू. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दोन पाय, दोन हात, एक धड. पाच वाटे. एका वाट्याक बारा हजार. बरां. म्हयन्याक पाचशे."

त्या पाचशेंचे मी पत्रे घेणार होते. आमच्या रांधणीवरची कौलं फुटलेली होती, पावसात चुलीजवळ बालदी ठेवावी लागे. नवरा रात्रभर धुमसत होता.

"बारा हजार? प्लास्टिकच्या पायाक? माजो पाय मोडलो तर मालक बाराशे देवचो नाय! आनी तू 'भरतंय' म्हणान सांगान इलंस?"

"मोडलो मीच ना?" मी म्हटलं.

पात्रांव पगारातून कापून घेत नसत. एक तारखेला पाचशेच्या आठ नोटा माझ्या हातात देत, मी मोजून घेईपर्यंत थांबत, आणि मग हात पुढे करत. मी एक नोट परत त्यांच्या हातात ठेवायची. पहिल्या दोन महिन्यांत मला त्या पुढे आलेल्या हाताचा राग यायचा. मोडका सांधा त्यांनी गोंद लावून, वर तांब्याची बारीक तार गुंडाळून बसवला होता, गॅरेजमधल्या जुन्या मेस्त्रीने बांधावा तसा. पण त्या पायावर रोबोला उभं राहता येईना. भिंतीला टेकवून ठेवावा लागे.

तिसऱ्या महिन्यात नोट घेतल्यावर त्यांनी टिपर जवळ ओढला आणि पुढचं चाक बोटाने फिरवलं.

"ह्या चाक आजपासून तुजां."

मला कळेना. मी म्हटलं, पैसे तर पायाचे आहेत.

"मोडकी गाडी माका नको. भरतंस तू, तर घे तू. बारा हजार पुरे जाले की पुरो तुजो. आतां बस."

मी खाली बसायला गेले.

"खंय बसतंस? खुर्चेर बस. गाडीचो मालक जमनीर बसना."

त्या घरात पाचव्या वर्षी मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. टोकाला बसले होते, पडेन अशी.

त्यानंतर दर महिन्याला एक भाग. दुसरं चाक, आरसे, हौदा, डावा हात. भाग कुठला हे तेच ठरवत आणि मला विचारल्यासारखं करत. आणि ज्याचा भाग त्याला त्याचं काम यायला हवं, असं म्हणून त्यांनी मला शिकवायला घेतलं. "आधी बघ, मगे हात लाव." मी बघायची आणि हात लावायची. मागे फिरवायचं आलं की टेबलावर दोनदा थाप मारून "येव दी, येव दी" म्हणायचं, क्लीनर गाडी मागे घेताना ओरडतो तसं. मला लाज वाटायची. मी नुसती थाप मारायची. "तोंड खंय गेलां?" ते म्हणायचे. शेवटी एकदा मी हळूच म्हटलं, "येव दी." तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

त्यांचा उजवा अंगठा थरथरतो हे मला तेव्हा दिसलं. आधी ते हात मांडीखाली दाबून बसत. मग दुसरा हातही थरथरू लागला. बारीक खिळे त्यांच्याने बसेनात. एकविसावी पायरी अशी आहे की छाती वर धरायची, खांदा आत ढकलायचा आणि त्याच वेळी मान ओढायची. वहीत मी लिहिलं आहे, 'ह्याला तीन हात लागतात.' त्यांचे दोन आणि माझा एक, असं आम्ही करायचो. नंतर नंतर माझे दोन आणि त्यांचा एक.

पायऱ्या लिहून ठेवायला त्यांनीच सांगितलं. वही त्यांनीच आणली. मी म्हटलं, माझं अक्षर कोण वाचणार. "मी वाचतलंय मरे," म्हणाले. आणि वाचायचे. दुसऱ्या वर्षी त्यांच्या हातांना चहाचा कपही धरवत नव्हता, तेव्हा ते समोर बसून वही वाचत आणि मी करत असे. वाचताना वाक्याच्या शेवटी थांबत, माझ्या हातांकडे बघत. घाई कधी केली नाही. पोळ्यांचं पीठ भिजवून ठेवून मी बसायची. आम्ही दोघं त्या एका तासात फार काही बोलायचो नाही. मला न बोलता कुणाजवळ बसता आलं असं ते एकच ठिकाण होतं.

अठराव्या हप्त्याला त्यांनी नंबर प्लेट माझी केली. त्यावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवला होता आणि थरथरत्या हाताने एक नंबर लिहिला होता. तो माझ्या नवऱ्याच्या टिपरचा नंबर. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकर घेऊन निघताना त्याने दारातून विचारलं, "कितके हप्ते रवले?"

"सा."

संध्याकाळी त्याने टीव्हीशेजारची फळी रिकामी केली आणि पुसली. तिच्यावर मापाला आपला हात ठेवून बघितला.

तेविसावा हप्ता दिला त्या दिवशी उजवा पाय, म्हणजे तोच मोडका, माझा झाला. "आतां डोकां रवलां," पात्रांव म्हणाले. "डोकां मी मुद्दाम फाटी ठेवलां." का, ते मी विचारलं नाही. त्याच महिन्यात, चतुर्थी होऊन गेल्यावर, एका सकाळी पोदेराने हाक मारली आणि आतून कोणी उंडे घ्यायला आलं नाही. त्यानेच शेजाऱ्यांना बोलावलं. मी पोचले तेव्हा त्यांना बाहेर आणून ठेवलं होतं, त्याच काळ्या जागेवर.

भाचा आला. सगळं त्याने केलं. माणूस भला आहे, तिसऱ्याच दिवशी त्याने आठवणीने माझा महिन्याचा पगार दिला. आठ नोटा. त्यातली एक मी पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

बारावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी ती नोट घेऊन गेले. भाचा कपाट आवरत होता. टेबलावर रोबो भिंतीला टेकलेला होता आणि त्याच्यापुढे एक बंद पाकीट होतं, परदेशी तिकिटांचं.

"वहिनी, हे बघा," तो म्हणाला. त्याने पाकीट फाडलं. आत पिशवीत मांडीचा सांधा होता. पिवळा, नवा. "मामांनी पाय मोडला म्हणून फोन केला होता ना, तेव्हाच मी कंपनीला लिहिलं. ह्या मॉडेलचं हे दुखणंच आहे, सगळ्यांचा तिथेच तुटतो. फुकट पाठवतात. दिवाळीला मी स्वतः आणून दिला होता. पाकीट उघडलंसुद्धा नाही की मामांनी!"

दिवाळी म्हणजे त्या दसऱ्यानंतर वीस दिवसांनी. माझा पहिला हप्ता तेव्हा जायचा होता.

मी त्या सांध्याकडे बघत राहिले. बालदीत पडणारं पाणी आठवलं. दोन पावसाळे. राग आला, अजूनही येतो. पाकीट उघडलं असतं तरी मी पोळ्या करायला येतच राहिले असते. पण खुर्चीवर बसले नसते. हे मला तिथे उभं असताना सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं.

भाच्याने तार कापली आणि नवा सांधा बसवला. रोबो भिंतीशिवाय उभा राहिला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. मग भाचा म्हणाला की पुण्याचा एक जण घ्यायला तयार आहे, पंचेचाळीस हजार देतो, पण त्याला टिपर होताना व्हिडिओत दिसायला हवं, आणि ते आपल्याला काही जमत नाही. "तुम्हाला येतं असं मामा म्हणायचे," तो म्हणाला.

मी बसले. खुर्चीवरच. तो मोबाइल धरून उभा राहिला, म्हणाला, घाबरू नका, फक्त हात दिसतील. वही उघडली नाही. एकविसाव्या पायरीला मी छाती हनुवटीने धरली. मागे फिरवताना टेबलावर दोनदा थाप मारली. तोंडाने काही म्हटलं नाही. मध्ये सोडला नाही. त्रेचाळीसही पायऱ्या झाल्या, बॉनेटची फट राहिली, खाली बोटं दिसत राहिली.

"वा!" भाचा म्हणाला. मग त्याला नंबर प्लेट दिसली. "हे काय चिकटवलंय मामांनी? ओरिजनल नाही म्हणून किंमत पडेल." नखाने त्याने तो कागद खरवडून काढला.

मी पदर सोडून नोट टेबलावर ठेवली.

"हे कसले?"

"पायाचे. शेवटचे."

त्याने मला खोदून खोदून विचारलं. मी पायाचं तेवढं सांगितलं, बारा हजार, महिन्याला पाचशे, तेवीस झाले. चाकांचं, आरशांचं, डोक्याचं सांगायला तोंड उघडलं. घशापर्यंत आलं होतं, की मला पैसे नकोत, हा माझा आहे, एक डोकंच काय ते राहिलं आहे. घरी फळी रिकामी केलेली आहे. पण तो शरमेने लाल झाला होता.

"मामांनी तुमच्याकडून पैसे घेतले? फुकट आलेल्या पायाचे? वहिनी, मला माफ करा. म्हातारपणात माणूस काय करेल..." तो आतल्या खोलीत गेला. आला तो नोटा मोजत. माझी नोट त्यांवर ठेवली, सगळ्या माझ्या हातात दिल्या आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटली. "एक रुपया राहता कामा नये तुमचा ह्या घराकडे."

मी बरं म्हटलं. त्याने टिपर थर्माकोलमध्ये ठेवला आणि खोक्याला पट्टी लावली.

वाटेत, पिंपळाच्या पाराजवळ थांबून, मी पाठ रस्त्याकडे करून मोजले. भाच्याने दिलेले साडेअकरा हजार आणि डोक्याची ती एक नोट. बारा हजार पूर्ण होते.